मोहाच्या तेलाचा गाळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, धाकटा दीर गेला, त्यांनाही नाही. नातवंडं विचारतात, आजी, तू मासे का खात नाहीस? मी दातांचं कारण पुढं करते. दात शाबूत आहेत.

खालापूरकडच्या आमच्या गावात दिरानं तळं खणून रोहू-कटला सोडले, तेव्हा मी नवी सून. नवरा रसायनीला कारखान्यात. माशांना खाऊ घालणं माझ्याकडं — भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, आणि त्यात मुशी माशाच्या काळजाचं तेल. दीर ते समुद्राकडून डबे भरून आणायचा. काय तो वास! नवरा स्वतः रसायनांत न्हाऊन यायचा, पण मला वाटायचं, वास येतो तो माझ्याच हातांना. केवढी नाजूक राणी — शेणात हात चालायचा, तेल तेवढं नको!

मग काय केलं? मुशीचं तेल उकिरड्यावर ओतलं, आणि पवळीकडून मोहाचं तेल घेऊ लागले. पवळी डोंगरवाडीची ठाकरीण. तेल काढायचं, गावोगाव विकायचं, त्यावर तिची चूल. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाय, वरलं तेल घे. खालचा गाळ पान्यात जाऊ नको देऊ. मासं मरतात गं त्यानं."

वरच्या तेलावर मासे छान पोसले. दीर गावभर सांगत सुटला, बघा मुशीच्या तेलाची करामत! मी पदराआड हसायचे. माझं पाऊल वाजलं की मासे काठाशी जमायचे, तोंडं वर करून.

एका सकाळी डबा तळाला लागला. पवळी दुपारी यायची होती. मुशीचं तेल तर उकिरड्यानं प्यायलेलं. मग — मग काय, गाळच कालवला. एका दिवसानं काय होतंय, नाही का?

टळटळीत दुपारी तळ्यावर गेले. वारा नाही, पाखरू नाही. सगळे मासे वर आलेले, कुशीवर कललेले — आणि तोंडं माझ्याकडं. उघडत होती, मिटत होती. सबंध तळ्यावर नुसता पच् पच् आवाज. सांगू? मला वाटलं, ते काही बोलतायत. मी वाकून कान दिला. खरंच दिला.

मान वर केली तर पलीकडच्या काठावर पवळी, डोक्यावर डबा. तिनं पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला कळलं.

गाव जमलं. दीर कमरेभर पाण्यात उभा राहून रडत होता. "वैनी, खाद्यात दुसरं काय गेलं नाय ना?"

"नाय," मी म्हणाले. तिथं थांबता आलं असतं. पण मी पवळीकडं बोट केलं — "ही रोज पान्याकडं टक लावून बसायची."

खोटं होतं का? बसायची ती. डोंगर उतरून दमायची, म्हणून बसायची. गाव त्याचा काय अर्थ लावील, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुणीतरी म्हणालं, भुताळी. तिचा डबा फोडला. आसपासच्या गावांत तिचं तेल बंद झालं. तिनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी ऐकलं कुणी असतं?

पावसाआधी ती पोरांना घेऊन वाडी सोडून गेली. कुठं? तिची बहीण पुढं कित्येक वर्षं कर्जतच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे, कशी निवडायची, कशी शिजवायची, सगळं विचारायचे. तेवढं एक विचारलं नाही.