वेल्वेटीनचा काळा फ्रॉक

माझ्या लेकीला लोकर सहन होत नाही. अंगाला लागली की पुरळ उठतं. हे मला कळलं ते गेल्या संक्रांतीला, तिच्या बोरन्हाणाच्या दिवशी. दिल्लीची थंडी म्हणून मी तिला हौसेनं काळं लोकरीचं झबलं घातलं आणि बोरांची पहिली मूठ भरायच्या आधीच तिनं रडून लक्ष्मीबाई नगरातला आमचा सगळा ब्लॉक डोक्यावर घेतला. पाठ लालभडक झाली होती. बोरन्हाण तसंच राहिलं. तेव्हापासून पाठीला माझा हात लागला की ती बापाकडे पळायची. माझ्या जिवाला ते फार लागलं होतं.

यंदा बोरन्हाण करायचंच, असं ठरवून करोल बाग गाठलं. एका म्हाताऱ्या दुकानदारानं समोर काळं कापड पसरलं. मी नाक मुरडलं. मखमल म्हणजे पॉलिस्टर, टोचणारच.

"हाथ तो लगाइए, बेटाजी. मखमल नहीं, वेल्वेटीन है. पूरा सूती."

हात लावून पाहिला. मखमलीची झगझग नाही, मिजास नाही. वरून दाट, बुटकी लव, आतून साधं सुती कापड, आणि ऊब म्हणाल तर भरपूर. नक्कल करणाऱ्यांचा मला एरवी राग येतो, पण ही नक्कल अस्सलापेक्षा शहाणी होती.

त्यानं लवेवरून एकदा वर, एकदा खाली हात फिरवून दाखवला. "सारे टुकड़े एक ही रुख में काटना, वरना दो काले दिखेंगे."

मी मान डोलावली. पण शिवणात मी कुणाचं ऐकत नाही, हा माझा जुना रोग. घरी बेतताना कापड जरा कमी पडलं, तर पाठीचा तुकडा सरळ उलटा फिरवून कापला. फ्रॉक शिवून उजेडात धरला, तर पुढून काजळासारखा काळा आणि मागून राखाडी. बोरन्हाण दुसऱ्याच दिवशी होतं.

"चलो, ठीक आहे यार, पाठ कोण बघतंय?" नवरा म्हणाला. मी त्याच्यावर अशी उखडले की तो हातातला चहा तसाच सोडून बाल्कनीत गेला.

लेक पाटावर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या पडल्या. ती रडली नाही. फ्रॉकच्या पुढच्या बाजूवरून नुसता हात फिरवत राहिली.

"अगं, मागचं कापड वेगळं आहे का?" शेजारच्या काकूंनी विचारलंच.

"उलटं कापलं मी," फणकाऱ्यानं बोलले खरी, पण कान गरम झाले.

एवढ्यात लेक उठली आणि माझ्याकडे पाठ करून मांडीत बसली. माझा हात ओढून तिनं मागे नेला.

"आई, इथे."

मी भीतभीतच हात फिरवला. पाठीची लव खालच्या दिशेची, हात अलगद घसरत कमरेपर्यंत गेला. मी तो लगेच उचलला.

"अजून," ती म्हणाली.