बाराबोरची काडतुसं

त्या घटनेचा विषय निघाला की अजूनही मला मान खाली घातलेला तो शेतकरी दिसतो. मी तेव्हा शहादा तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तापीकाठी केळी आणि उसात रानडुकरांचा उच्छाद होता. त्यामुळे बऱ्याच बागायतदारांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाराबोर बंदुका होत्या.

त्या हंगामात काडतुसांची टंचाई झाली. दुकानदार सांगायचा, माल वरूनच येत नाही. मग जो तो साठा करू लागला. पण नवीन काडतुसं घ्यायची तर जुनी कुठे गेली याचा हिशेब द्यावा लागतो. उडवली असतील तर रिकाम्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात.

अशात गावातला एक प्रतिष्ठित गुजर शेतकरी ठाण्यात आला. साठी उलटलेला, शांत माणूस. गावातले तंटे त्याच्या ओट्यावर मिटायचे.

"साहेब, मन्हा काडतुसं चोरी गयात."

"कुणावर संशय?"

"रखवालदारवर. दुसरं कोन लई जाई?"

रखवालदार धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी. बरीच वर्षं या शेतकऱ्याच्या केळीची राखण करत होता. फिर्याद नोंदवून आम्ही पंचांसमक्ष त्याच्या झोपडीची झडती घेतली. गोधड्या, पिठाचा डबा, बायकोची पेटी, सगळं अंगणात निघालं. बांधावर निम्मं गाव उभं होतं. सापडलं काहीच नाही.

त्याला ताब्यात घेऊन ठाण्यात विचारपूस केली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काडतुसांच्या कपाटाची चावी मालकाच्या कमरेला असते, साहेब. मी कशी घेणार?"

माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. म्हणून मी फिर्यादीच्या घरी कपाट बघायला गेलो. कुलूप शाबूत होतं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मी निघालो तेव्हा त्याची सून मागच्या दारी थांबली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "कापूस ठेवलेल्या खोलीत बघा. मी सांगितलं म्हणू नका. सासरे देवमाणूस आहेत, पण त्या रखवालदाराची लेकरं परवापासून आमच्या दारात रडताहेत." बोलून झाल्यावर तीच रडू लागली, आपण फार मोठं पाप केल्यासारखी.

पंच बोलावून कापसाचा ढीग उपसला. तळाशी तेलाचा डबा निघाला. चोरीला गेली म्हणून सांगितलेली काडतुसं त्यात होतीच, शिवाय परवान्यापेक्षा कितीतरी जास्त होती. इकडून तिकडून गुपचूप जमवलेली.

मी आवाज चढवला नाही. तशी गरजच पडली नाही. तो कापसावरच खाली बसला. "समदा म्हणेत, आते मिळाव नहीत. चोरी दाखाडी तर नवी मिळतीन, असं वाटनं."

"आणि तो माणूस तुरुंगात गेला असता तर?"

त्याने कमरेची चावी सोडून माझ्यापुढे ठेवली.

त्याच्यावर शस्त्र कायद्याखाली आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल कारवाई झाली, बंदूक जमा झाली. रखवालदाराला मी म्हणालो, तू सुटलास, घरी जा. तो हलला नाही. "झडती सगळ्यांसमोर झाली. आता मी चोर नाही, हेही सगळ्यांसमोर सांगा."

सांगायला शेतकरी स्वतः तयार झाला. जामिनावर सुटल्यावर तो चौकात उभा राहिला. मीही गेलो होतो. लोक जमले. त्याने आधी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "हाऊ चोर नही. चोर मी शे." माणसं पायाकडे बघू लागली. त्यांतल्या कितीजणांच्या घरात जास्तीची काडतुसं होती, ते त्यांनाच ठाऊक. रखवालदाराने ऐकून घेतलं, राहिलेली मजुरी मागितली आणि बायकोमुलांना घेऊन डोंगरात निघून गेला. शेतकऱ्याने थांब म्हटलं नाही. म्हणायला तोंडच नव्हतं.

या प्रकरणापासून एक सवय लागली. फिर्यादी लगेच नाव घेऊ लागला की मी त्या नावाच्या झोपडीआधी त्याचं स्वतःचं घर बघायचो. वस्तू मिळणार नाही या भीतीने चांगला माणूस काय करेल, याचा अंदाज कुठल्याच प्रशिक्षणात देत नाहीत.

पुढे खटल्याच्या तारखेला तो कोर्टाच्या आवारात भेटला. खबर कुणी दिली, हे त्याने मला कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी आपणहून म्हणाला, "माले माहीत शे, साहेब, कोनी सांगं ते. मी तिले काहीच बोलनू नही. ती जेवाले वाढस, तव्हय मन्ही मान वर व्हस नही."