गरब्यासाठी गादीची चड्डी

धुण्याच्या दगडापाशी सासूबाई घसरल्या, तेव्हा हाड वाचलं. पण डॉक्टरांनी बजावलं, पुढच्या वेळी खुबा मोडेल. यापुढे दोन्ही बाजूंना गाद्या शिवलेली चड्डी घालायची. मी लगेच दोन मागवल्या. सासूबाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि कपाटात ढकलल्या. जन्मभर काडीसारखी राहिलेली बाई एकदम कमरेत फुगली तर आळी हसेल, असं त्यांचं म्हणणं. पडण्याची भीती नाही, लोक हसण्याची. माझं डोकंच फिरलं.

नवरात्र आलं तसं मी सांगून टाकलं, चड्डी नाही तर गरबा नाही. मसोली गावात आमच्या आळीत घटाभोवतीचं पहिलं गाणं त्याच उचलतात, त्या स्वतः सून म्हणून आल्या तेव्हापासून. दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग म्हणाल्या, घातल्यात गाद्या, हवं तर चाचपून बघ. मी चाचपलं. होत्या खऱ्या.

पण बाईंनी मधला मार्ग काढला होता. जुन्या उशीतला कापूस भरून दोन छोट्या गाद्या त्यांनी परकरालाच आतून टाचल्या होत्या. गरब्याच्या चार फेऱ्यांत परकर सैल होऊन फिरला आणि एक गादी थेट पोटावर आली.

सासूबाईंची शेजारची गुजराती मैत्रीण खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती चालायची, पण गरब्यात उतरत नव्हती. तिनं टाळ्या थांबवून विचारलं, "बेन, कितवा महिना?"

आळी लोटपोट हसली. मला वाटलं, आता या कशालाच हात लावणार नाहीत. पण सासूबाईच सगळ्यांत जास्त हसत होत्या. पोट धरून घरी गेल्या आणि खरी चड्डी घालून आल्या. मग आरतीपर्यंत अशा फिरल्या की मला त्यांचा अभिमान वाटला.

आरतीनंतर मैत्रिणीनं त्यांना जवळ ओढलं, साडीवरून गादी दाबून पाहिली. आता ती हसत नव्हती. "हे घालून पडलं तर नाय मोडत?"

"तसं डॉक्टर सांगत नाय. पण मार कमी लागतो," सासूबाई म्हणाल्या. "घरात अजून एक हाय. कोरीच हाय. उद्या तू घाल."

 दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच मैत्रीण चड्डी न्यायला आमच्या दारात उभी होती, नव्या साडीत.