गाडीला बोर्ड पाहिजे

“बायकांले एसटीत अर्धं तिकीट हाय नं मॅडम, मंग गाडी कायले पाह्यजे?”

वर्ध्याच्या आढावा बैठकीत लेखाधिकाऱ्यांनी हे विचारलं आणि अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली. मी पीडित सहाय्य केंद्राची समन्वयक. पोलीस तक्रार घेतात, वकील केस चालवतात. मधल्या काळात ज्याच्या बाबतीत गुन्हा घडला त्या माणसाला उभं ठेवायचं काम आमचं. दवाखान्यात सोबत जायचं, धीर द्यायचा, कोर्टाच्या तारखेला घेऊन यायचं. सरकारी भाषेत आमच्याकडे येणारी बाई ‘लाभार्थी’ असते. तिला नेमका कशाचा लाभ झाला, हे मी अजून शोधते आहे.

त्या दिवशी आमच्या अनुदानातला ‘वाहन’ हा हेड कापायला निघाले होते. हेड म्हणजे खर्चाचा खण. चहाच्या खणातून डिझेल भरलं तर आभाळ कोसळतं. आणि हेड एकदा गेला की परत येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या डोक्यात सुनंदा होती. हे तिचं खरं नाव नाही. आमच्या कामात नाव सांगायचं नसतं. गाव हिंगणीच्या अंगाला, एवढंच सांगते. गल्लीतल्याच एका माणसाने शेतात तिच्या अंगावर हात टाकला. तिने तक्रार केली. तो जामिनावर सुटला आणि ऐटीत गावात फिरू लागला. कोर्टाच्या तारखेला आमची जीप नसली की दोघंही सकाळच्या एकाच बसने निघायचे, कारण कोर्टाच्या वेळेला पोचवणारी बसच तेवढी एक. मागच्या तारखेला आमची भाड्याची जीप बिघडली होती, म्हणून सुनंदा बसने निघाली आणि वाटेत सेलूलाच उतरून घरी परत गेली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “तो काई बोलत नाई, ताई. मांगच्या सीटवर बसते अन् खोकलते. साऱ्या बसले समजते ते.”

कोर्टात ‘फितूर’ म्हणून एक शब्द आहे. पोलिसांना सांगितलेलं कोर्टात सांगत नाही, तो साक्षीदार फितूर. ऐकून वाटतं, याने रात्रीतून किल्ल्याचा दरवाजा उघडून दिला असेल. माझ्या पाहण्यातल्या फितुरांचा जीव आदल्या तारखांना बसमध्येच अर्धा झालेला होता.

नाव न घेता मी हे सगळं बैठकीत सांगितलं. लेखाधिकारी माणूस वाईट नाही, फक्त हिशेबी आहे. त्यांनी तोडगा काढला, तिला पुढच्या राखीव सीटवर बसवा. म्हटलं, ती तिथेच बसते, म्हणून तर तो तिच्या मागे बसतो. मग ते म्हणाले, त्याले दुसऱ्या बसनं याले सांगा. हे त्याला कोणी सांगायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी अध्यक्षसाहेबांनी चष्मा काढला. “ठीक हाय. गाडी राहू द्या. पण गाडी दिसली पाह्यजे.”

“म्हणजे?”

“दोन्ही बाजूनं बोर्ड लावा. ‘पीडित महिला सहाय्य वाहन’. वर मान्यवरांचे फोटो. शासन काय करून राह्यलं, हे लोकांले समजलं पाह्यजे नं.”

मी म्हटलं, “साहेब, मग त्या गाडीतून कोण उतरलं, हेही लोकांना समजेल.”

“बोर्डाचा फोटो लागंल, मॅडम. नाई तर बिल निघणार नाई.”

मला संताप आला. तिच्या दारात वाजतगाजत जाऊन उभं राहायचं, एवढंच बाकी ठेवलं होतं. पण संतापाला हेड नसतो. मी ‘हो साहेब’ म्हणाले आणि बाहेर पडले.

फ्लेक्स छापून आणला. ऑफिसच्या गेटमध्ये जीपला आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने बांधला, ड्रायव्हरला शेजारी हसत उभं केलं आणि फोटो काढले. साहेबांनी फोटोच मागितला होता, तो झाला. मग फ्लेक्स सोडला. जीपची मागची सीट फाटून तिचा काथ्या वर आला होता, तिच्यावर घडी करून अंथरला.

तारखेच्या सकाळी सुनंदा चढली आणि बसता बसता थबकली. “ताई, हे कोण हायेत?”

“मान्यवर आहेत. बस त्यांच्यावर निवांत.”

ती पदर तोंडाला लावून हसली. केस सुरू झाल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. कोर्टात समोरच्या वकिलाने तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तिने दर वेळी तेच उत्तर दिलं. आरोपी समोर उभा होता, खोकलाही. न्यायाधीशांनी त्याला पाणी प्यायला बाहेर जायचं असेल तर जा म्हणून सांगितलं.

निकाल अजून लागायचा आहे. आमचं अनुदान मात्र पुढच्या वर्षासाठी मंजूर झालं. शेरा आला: ‘वाहनाची प्रसिद्धी उत्तम.’

अनुदान टिकवायचं तर गाडी दिसली पाहिजे, आणि साक्ष टिकवायची तर दिसता कामा नये. एकाच जीपमध्ये हे दोन्ही जमवायचं, याला आमच्या खात्यात समन्वय म्हणतात.