मान सोडू नका

सफाळ्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी जी गावं आहेत, तिथे मी नर्स आहे. ताडी काढायला माणसं रोज ताडावर चढतात आणि अधूनमधून एखादा पडतो. पडला की चौघं धावतात, काखेत हात घालून त्याला बसवतात, पाणी पाजतात. कणा दुखावलेल्या माणसाचं उरलंसुरलं तिथेच संपतं. हे किती वेळा बघायचं? शेवटी मी अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांचा वर्ग सुरू केला. पडलेल्याला बसवायचं नाही. एकीने डोकं दोन्ही हातांत धरून मान सरळ ठेवायची. बाकीच्यांनी एका दमात, ओंडका वळवावा तसं वळवून त्याला फळीवर घ्यायचं. फळी नसेल तर घराचं दार काढायचं.

अंगणवाडीत खिचडी शिजवणारी मदतनीस वर्गात सगळ्यांत पुढे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण हात असे स्थिर की मला हेवा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिचाच शेजारी पडला. मला फोन आला, "बाई, लवकर या. आमी त्याला उचलला नाय अजून."

मी पोचले तेव्हा कोपरं जमिनीला टेकून तिने त्याचं डोकं धरलेलं. दोघीजणी दार काढून आणत होत्या. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन रडत होती आणि एक म्हातारी तिला मिठी मारून थांबवत होती.

"अंगठं हलव बघू," मदतनीस म्हणाली.

त्याने दोन्ही पायांचे अंगठे हलवले. मी स्वतः पाहिलं. मला दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. मग दारासकट त्याला टेम्पोत ठेवलं. सगळ्या खड्ड्यांतून तिने हात हलवले नाहीत. दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबला आणि मी स्ट्रेचर आणायला आत पळाले. एका स्ट्रेचरला चाक नव्हतं, दुसऱ्यावर सलाईनचे खोके रचलेले. ते खोके मी खाली फेकले आणि स्ट्रेचर ढकलत बाहेर आले.

तो खुर्चीत बसला होता. हनुवटी छातीवर पडलेली. दोन कर्मचाऱ्यांनी काखेत हात घालून त्याला दारावरून ओढून काढलं होतं.

"मान सोडू नका, मान सोडू नका, वरडत व्हते मी," मदतनीस म्हणाली. "त्यातला एक म्हनला, मावशी, आमाला शिकवू नका."

संध्याकाळी त्याचे अंगठे हलले नाहीत.

मी डॉक्टरांच्या टेबलापुढे उभी राहून भांडले. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, इजा पडतानाच झाली असेल. आता कसं सांगणार?" खरंच सांगता येत नाही, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडतं. झाडाखाली अंगठे हलत होते एवढं तरी केसपेपरवर लिहा, म्हटलं. लिहिलं नाही.

तो माणूस आता घरात खाटेवर असतो. बायको त्याला दर काही तासांनी कुशीवर वळवते, आम्ही शिकवलं तसं.

दवाखान्याच्या दारावरच्या कर्मचाऱ्यांचा वर्ग घेऊ द्या, असा अर्ज मी केला. उत्तर आलं, आमचे कर्मचारी प्रशिक्षित आहेत. त्यानंतर एका कार्यक्रमात मला शाल-नारळ देऊन कुणीसं म्हणालं, अडाणी बायकांमध्ये जागृती केलीत. अडाणी! मी शाल खुर्चीवर टाकून उठून आले.

पुढच्या वर्गाला मदतनीस येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आली, आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, गेटवर काय करायचा ते शिकवा."

म्हणून मी आता तेही शिकवते. एकीला दारावर निजवतात, मदतनीस तिचं डोकं धरते आणि मी दवाखान्याची माणसं होऊन अंगावर धावून जाते. "ए मावशी, हो बाजूला! तुला काय कळतं?" पहिल्या दिवशी दोघी घाबरून मागे सरल्या. मदतनीस सरली नाही.

"स्ट्रेचर आना," ती म्हणाली. "तवर हात नाय सोडनार."

मी पुन्हा ओरडले, आणखी घाणेरडं बोलले, तिचा दंड धरून ओढला. ज्या दारात माणसाला जपून उचलून न्यायला हवं, त्या दाराशी झुंजायची तालीम मी या बायकांकडून करून घेत होते.