गुडघ्यावरचा बिब्बा

ऑपरेशनला दीड महिना झाला तरी माझा गुडघा काटकोनाच्या पुढे वाकेना. सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणाले, सांध्यात वंगणासारखं औषध सोडू, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. मग व्यायाम जमेल. नाहीतर गुडघा असाच आखडून बसेल. कॉम्प्युटर कंपनीतली माझी नोकरी नवी होती आणि मला कंपनीच्या बसची पायरीही चढता येत नव्हती. इंजेक्शन घेणं भागच होतं. पण साधी सुई बघून मला घाम फुटायचा, आणि ही तर थेट हाडांमध्ये शिरणार होती.

मी आईच्या मागे लागले. बिब्बा लाव, उतार पडला तर सुई टळेल. आईने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात नियमाने काढलेली. "आधी डॉक्टरांना विचार. बिब्बा उततो," ती म्हणाली. मी रडले, जेवले नाही. शेवटी तिने बिब्बा दिव्यावर धरला, सुईच्या टोकाने त्याचं तेल घेतलं आणि गुडघ्यावर चार ठिपके दिले. त्या सुईला मात्र मी अजिबात घाबरले नाही.

बिब्बा उतला. तिसऱ्या दिवशी कातडी लाल, वर बारीक फोड. इंजेक्शनचा दिवस तोच. आता डॉक्टर ओरडतील या धास्तीने मी त्यावर पावडर थापली.

स्पिरिटचा बोळा फिरला आणि पावडर निघून आली.

"हे काय? या फोडांतून सुई घातली असती तर जंतू सरळ सांध्यात. पाय वाकवायचाय की कापायचाय आपल्याला?"

डॉक्टरांनी बोळा ट्रेमध्ये टाकला.

"हा बिब्बा कोणी लावला?"

"आईने," मी म्हणाले.

आई पडद्याशेजारी, माझी कुबडी धरून उभी होती. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं. "हो साहेब, माझीच चूक. तिला काय कळतंय."

डॉक्टर तिला बोलत राहिले. शिकल्यासवरल्या दिसता, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. मला लाज वाटत होती, पण खरं सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. ट्रेमधली सुई परत झाकली जात होती.

तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. विश्रांतवाडीला परतताना रिक्षात आई म्हणाली, "पुढच्या वेळी मी बाहेरच बसते."

"नको गं," मी म्हणाले. "मला फार भीती वाटते."