ढावलोचा ठेका

माझ्या शाळेतल्या बाकसोबत्याइतका बेसूर गोष्टींतून सूर काढणारा माणूस सबंध वाशिम जिल्ह्यात दुसरा नसेल. तांड्यावरचा हा बंजारा गडी कुठेही कान टवकारून उभा राहतो. कामरगावच्या जीपचं दार खडखडलं की ड्रायव्हरला म्हणतो, "भाऊ, अजून एकडाव तशाच खड्ड्यातून घे ना." सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज त्यानं रेकॉर्ड केला, की-बोर्डात घातला आणि त्यावर होळीची लेंगी गाणी म्हटली. घरातली काशाची थाळी तर वाजवण्यासाठी कायमची गेली. "जेवाचं ताट बी गान्यात गेलं," असं त्याची बायको पाहुण्यांना सांगते. पण सांगताना तिचा आवाज चढत नाही.

आपल्या लोकांची गाणी आजच्या पोरांच्या कानांत बसली पाहिजेत, हा त्याचा ध्यास. त्यातूनच त्यानं म्हाताऱ्या आत्याचा ढावलो रेकॉर्ड केला. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीनं मायबहिणींच्या गळ्यात पडून गायचं रडणं. त्याखाली त्यानं नगाऱ्याचा दणदणीत ठेका घातला. गाणं तांड्यातांड्यांत वाजू लागलं, आणि एका लग्नात आत्यानंच ते ऐकलं. डीजेपुढे पोरं घामाघूम होऊन नाचत होती. मी शेजारीच होतो. आत्या त्याला शांतपणे म्हणाली, "बापू, मी माह्या मायले सोडून आली तवाचं रडनं हाय ते. हे कायले नाचून राह्यले?"

तो त्या लग्नात जेवलाही नाही. पुढे बरेच दिवस की-बोर्डावर कापड होतं. मी म्हणालो, "अरे, तुझा हेतू वाईट नव्हता."

"हेतू कोन आयकते?" तो म्हणाला. "ठेकाच आयकू येते."

मग त्यानं ठेका काढून टाकला. आत्याचा आवाज आणि खाली की-बोर्डाचा एकच लांब सूर, बस. डीजेवाल्यांनी ते घेतलं नाही. लग्नांची बोलावणी आटली. अनसिंगजवळच्या एका तांड्यात मात्र नवरी निघताना त्यानं ते लावलं. शहरात शिकलेल्या त्या पोरीला शब्द येत नव्हते. ती रेकॉर्डिंगमधल्या आत्याच्या आवाजामागोमाग म्हणू लागली. बाया भोवती जमल्या. मध्येच त्यानं हळूच रेकॉर्डिंग बंद केलं. पोरीला कळलंही नाही. ती आईच्या गळ्यात पडून गातच राहिली.

यंदा तांडा ऊसतोडीला निघाला, तेव्हा ट्रॅक्टरवर भांड्याकुंड्यांच्या वर गोधडीत गुंडाळलेला की-बोर्ड होता. मी विचारलं, "तिकडं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत वीज असेल का?"

"नसन," तो म्हणाला. "पन गानाऱ्या बाया हायेत सोबत."

ट्रॅक्टर वळणाआड गेला. आत्याला आता ऊसतोड झेपत नाही. ती माझ्याजवळ ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली.